सदोष जुनी गाडी डीलरला परत करायची असेल तर: आधी गाडीला हात लावू नका

जुनी गाडी घेतली आणि आठवड्याभरात गिअरबॉक्स झटके देऊ लागला किंवा इंजिन तापू लागलं, की बहुतेकांचं पुढचं पाऊल ठरलेलं असतं. गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये जाते, मिस्त्री स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसतो, जमलं तर एखादा भाग खोलून बघतो, आणि मग डीलरला फोन होतो. तोवर निम्मी केस हातातून गेलेली असते. डीलरने गाडी परत घ्यावी यासाठी शेवटी एकच मुद्दा पटवावा लागतो: हा दोष विक्रीच्या दिवशी गाडीत होता. तो पटवणारा बहुतेक पुरावा गाडीतच असतो आणि फार लवकर पुसला जातो.

पहिल्या दिवशी

किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचा फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. त्यानंतर गाडी जितकी कमी चालेल तितकं बरं. तुम्ही घातलेला प्रत्येक किलोमीटर डीलरच्या बाजूने मोजला जातो. ‘तुमच्याच चालवण्यामुळे बिघडली’ हे म्हणायला त्याला जागा मिळते, आणि पैसे परत देताना वापराची कपात मागायलाही.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करा आणि टो करून न्या. दिवा लागूनही पुढे चालवलेल्या इंजिनाचे बेअरिंग जाम झाले, तर मूळ दोष डीलरचा असूनही नुकसान तुमच्या माथी येतं. चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर जपून घरापर्यंत जाता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन त्याला जाळतंय, असा त्याचा अर्थ. मग तीही गाडी टोवरच.

बॅटरीची तार काढू नका. कोड पुसू नका, कोणाला पुसू देऊ नका. ऑइल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी असेल आणि भरणं टाळता येत नसेल, तर आधी डिपस्टिकचा किंवा टाकीवरच्या खुणेचा फोटो घ्या आणि किती मिलिलिटर घातलं ते मोजून लिहा. गाडी धुऊन, खालून रंग मारून चकाचक करण्याची हौस काही दिवस बाजूला ठेवा.

त्याच दिवशी एक काम बसल्या जागी उरकतं. गाडीच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या. विक्री झाली की जाहिरात उतरते, आणि ‘एकच मालक, अपघात नाही, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड’ हे शब्द तिच्याबरोबर जातात. विक्रेत्याशी झालेले मोबाइलवरचे संदेश, पावती, करारपत्र, वॉरंटीची पुस्तिका आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले त्याची नोंद एका फोल्डरमध्ये टाका. पैसे कोणाच्या खात्यात गेले हा तपशील पुढे फार कामी येतो.

झीज आणि दोष यांतला फरक

इथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. ब्रेक पॅड, टायर, वायपर, बल्ब, बॅटरी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचा क्लच महिन्याभरात सुटला तर त्यावर गाडी परत करण्याची मागणी टिकणं कठीण. फार तर खर्चात वाटा मागता येईल. त्याच गाडीच्या चासीला अपघातानंतर वेल्डिंग केलेलं आढळलं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं निघालं, एअरबॅग उघडून गेलेली असून तिच्या जागी नुसतं झाकण बसवलेलं दिसलं, तर वय आणि किलोमीटर काहीही असोत, तो दोषच. मधला पट्टा मोठा आहे आणि त्यात चार गोष्टी पाहिल्या जातात: गाडीचं वय, झालेले किलोमीटर, दिलेली किंमत आणि विकताना केलेलं वर्णन.

यातलं वर्णन सर्वांत भक्कम. ‘हा आवाज टायमिंग चेनचा आहे की नाही’ यावर दोन तज्ज्ञ दोन मतं देतील. ‘एकच मालक’ असं लिहिलेल्या गाडीच्या नोंदणीत तिसरा मालक निघाला, तर तिथे मताला जागाच नाही. म्हणून यांत्रिक बिघाड दिसत असला तरी कागदांची तपासणी आधी करा. चासी नंबर १७ अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गाडीवर कोरलेला नंबर, काचेखालचा किंवा दाराच्या चौकटीवरचा नंबर आणि नोंदणीपत्रावरचा नंबर जुळतात का ते बघा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ‘बारा हजार किलोमीटर’ चाललेल्या दोन वर्षांच्या गाडीला चारही टायर नुकतेच बनलेले असतील, तर मूळ टायर इतक्यात कुठे गेले हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मीटर मागे फिरवला असल्याची शंका आली तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबरवरून जुन्या नोंदी मागा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदलेले असतात. जुने विम्याचे कागद, प्रदूषण किंवा फिटनेस तपासणीचे दाखले यांवरही कधी कधी आकडा सापडतो. अनेक गाड्यांत हा आकडा डॅशबोर्डखेरीज इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्येही साठतो. मीटर फिरवणारा बहुधा डॅशबोर्डचा आकडा बदलून मोकळा होतो. कंपनीच्या स्कॅनरवर दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की वादच मिटतो.

स्कॅनरमधून काय काढायचं

स्टिअरिंगखाली, चालकाच्या बाजूला १६ पिनांचा ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचण्याची जोडणी, असतो. त्याला लावायचं साधं ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यात बरंच काम होतं. सगळ्यांना कोड माहीत असतात: पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटलेली, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी००१६ म्हणजे इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या दोन दांड्यांचा मेळ बिघडलेला, ज्यामागे अनेकदा त्यांना जोडणारी टायमिंग चेन ताणलेली असते. पण परतीच्या केसमध्ये कोडपेक्षा मोलाच्या आणखी तीन नोंदी असतात, आणि त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

पहिली, फ्रीज फ्रेम. कोड पडला त्या क्षणी वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान काय होतं ते तिथे गोठवलेलं असतं.

दुसरी, ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’. समजा गाडी तुमच्या ताब्यात आली तेव्हा मीटर ६२,४१० होता आणि आज ६२,७९० आहे. म्हणजे तुम्ही ३८० किलोमीटर चालवली. स्कॅनर म्हणतो, कोड पुसल्यापासून ३८५ किलोमीटर झाले. म्हणजे ताबा देण्याआधी पाचच किलोमीटरवर कोणीतरी कोड पुसले. ‘कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं’ हा आकडाही शेजारीच मिळतो. डीलर म्हणू शकतो की बॅटरी बदलली म्हणून मोजणी शून्यावर आली, आणि अनेक गाड्यांत तसं होतंही. मग बॅटरी बदलल्याचं बिल मागा.

तिसरी, रेडीनेस मॉनिटर. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ अडवणारी यंत्रणा यांच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्यात की नाहीत ते इथे दिसतं. ताब्याच्या दिवशी यातल्या बहुतेक ‘अपूर्ण’ असतील तर मेमरी नुकतीच साफ झाली आहे. काही नव्या गाड्यांत कायमस्वरूपी कोडही साठतात. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत, दोष खरोखर गेल्यावर गाडीच काढून टाकते. ॲपमध्ये तो पर्याय असेल तर उघडून बघाच.

प्रत्येक स्क्रीनचा फोटो घ्या. ‘क्लिअर’ या बटणापासून बोट लांब ठेवा. एकदा दाबलं की यातलं जवळजवळ सगळं जातं.

दिव्यांची एक चाचणी तर स्कॅनरशिवाय होते. इग्निशन चालू केलं, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, अशा वेळी एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे लागायलाच हवेत. एअरबॅग आणि एबीएसचे काही सेकंदांत विझतात, चेक इंजिनचा इंजिन सुरू झाल्यावर विझतो. मुळात लागतच नसेल तर दिवा काढलेला, झाकलेला किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेला असू शकतो. विक्रीआधी लपवाछपवी झाल्याचं इतकं सोपं चिन्ह दुसरं नाही.

थंड इंजिनाचा व्हिडिओ

टायमिंग चेनचा खडखडाट, टॅपेटचा आवाज, निळा धूर, सुरुवातीचा मिसफायर हे दोष थंड इंजिनावर पहिले काही सेकंद दिसतात. गाडी दाखवताना इंजिन आधीच गरम करून ठेवण्याची चलाखी त्यासाठीच असते. व्हिडिओ असा काढा: गाडी रात्रभर उभी. सकाळी, मध्ये न तोडता एकाच चित्रीकरणात नंबर प्लेट, बॉनेट उघडून इंजिनावर टेकवलेला हात, मग डॅशबोर्डवर किलोमीटर आणि तापमान, मग स्टार्ट, आणि पुढची दोन मिनिटं इंजिन व सायलेन्सर. तुकडे जोडलेला व्हिडिओ पुढे कोणी मानत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट जळण्याची शंका घ्यावी. थंड हवेत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ मात्र निर्दोष असते, तिच्यावर तक्रार उभारू नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा झटका पकडायचा असेल तर शेजारी बसलेल्याने आरपीएमच्या काट्यावर कॅमेरा धरावा. गिअर बदलताना काटा वर पळतो आणि वेग वाढत नाही, तिथे घसरण दिसते. तोच झटका तीन वेगवेगळ्या दिवशी, तारखेसह टिपलेला असेल तर ‘आमच्याकडे आणली तेव्हा नीट चालली’ या उत्तराला धार उरत नाही.

न खोलता करता येणाऱ्या चाचण्या

डीलरला लेखी कळवण्याआधी इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलू देऊ नका. एकदा खोललं की ‘तुमच्या मिस्त्रीनेच बिघडवलं’ हे वाक्य खोडणं जवळपास अशक्य होतं. न खोलताही पुष्कळ कळतं.

हेड गॅस्केटसाठी कूलंटच्या टाकीच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी लावून तपासतात. पेट्रोल इंजिनात ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असतील तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रसायन पिवळं पडतं. गरम इंजिनावर टाकीचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी दुधी साय हा एकटा पुरावा धरू नका. थंडीत लहान लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीतही नुसत्या ओलाव्याने ती जमते.

कॉम्प्रेशन चाचणीत पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये साधारण १० ते १४ बार दाब मिळतो. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमधला फरक: तो १० ते १५ टक्क्यांच्या वर गेला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गळतंय.

रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर कंपनीचा मूळ रंग बहुधा ८० ते १५० मायक्रॉन दाखवतो. दोनशे-तीनशेच्या पुढे पुन्हा रंगकाम, आणि पाचशे-हजारच्या पुढे खाली पुट्टी. एकाच दारावर चार ठिकाणी मोजा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तो धातू ओळखणारं गेज लागतं. एका दारावरचं रंगकाम म्हणजे अपघात नव्हे, पार्किंगमधला ओरखडाही असू शकतो. छताचे खांब, पुढच्या चासीच्या पट्ट्या किंवा डिकीची तळजमीन यांवर पुट्टी किंवा वेल्डिंग सापडलं तर मात्र गोष्ट वेगळी.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. गाडी धुणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखाली बारीक माती आहे का, फ्यूज बॉक्सच्या जोडण्या हिरव्या पडल्यात का, हे त्याच्या जोडीला.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर दार बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, सगळी कंट्रोल युनिट्स झोपली की वीजगळती मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. त्याच्या कितीतरी पट असेल तर बॅटरी बदलून प्रश्न सुटणार नाही.

तज्ज्ञाचा अहवाल

तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीचं ‘इंजिन खराब आहे’ असं चिठ्ठीवरचं एक ओळीचं मत उपयोगाचं नाही. डीलरशी संबंध नसलेल्या तपासणीसाकडून किंवा त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी अहवाल घ्या. त्यात नोंदणी क्रमांक, चासी नंबर, तपासणीच्या दिवशीचे किलोमीटर, केलेल्या चाचण्या आणि त्यांचे आकडे, फोटो, दुरुस्तीचा अंदाजे खर्च आणि तपासणाऱ्याचं नाव व पात्रता हवी. सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य बहुतेक अहवालांत नसतंच, ते मागून घ्यावं लागतं: हा दोष किती काळात तयार होतो, आणि इतक्या किलोमीटरपूर्वी, म्हणजे विक्रीच्या दिवशी, तो अस्तित्वात असण्याची शक्यता किती व का. चारशे किलोमीटरमध्ये टायमिंग चेन ताणली जात नाही, हे तज्ज्ञाने सहीनिशी लिहिलं की काम झालं.

खोलणं अटळच असेल तर डीलरला तारीख, वेळ, जागा लेखी कळवा आणि हजर राहायला बोलवा. तो आला नाही तरी तुम्ही बोलावलं होतं याची नोंद राहते. काढलेले भाग पिशवीत, तारखेच्या चिठ्ठीसह ठेवा. जुनं ऑइल ओतून द्यायच्या आधी शंभरेक मिलिलिटर स्वच्छ बाटलीत काढा. त्यातल्या धातूच्या कणांवरून प्रयोगशाळा झिजेबद्दल पुष्कळ सांगते.

तुमचा देश कोणता, त्यावर घड्याळ ठरतं

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेली सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत नाकारता येते आणि पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर गाडी परत, पण वापराची कपात होऊ शकते. सहा महिन्यांच्या आत समोर आलेला दोष मुळातलाच मानला जातो, तसं नाही हे डीलरने दाखवायचं. ३० दिवसांच्या आत दुरुस्तीला संमती दिलीत तर दुरुस्ती चालू असेपर्यंत ते घड्याळ थांबतं. युरोपीय संघात २०१९/७७१ या निर्देशानुसार विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षांची असते. वापरलेल्या वस्तूंसाठी सदस्य देश ती कराराने एक वर्षापर्यंत खाली आणू देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षी दोष आधीचाच असल्याचं गृहीत धरतात. अमेरिकेत चित्र उलटं आहे. डीलरच्या कायमच्या जागेवर घेतलेल्या गाडीला तीन दिवसांत परत करण्याचा संघीय हक्क असतो हा तिथला फार जुना गैरसमज आहे; असा हक्क नाही. काचेवर लावलेल्या ‘बायर्स गाइड’ या माहितीपत्रात वॉरंटी लिहिली आहे की ‘ॲज इज’ची (जशी आहे तशी) खूण आहे, यावर बरंच ठरतं, बाकी राज्याराज्यात वेगळं.

भारतात गाडी ठरावीक दिवसांत परत करण्याचा आपोआप मिळणारा हक्क नाही. आधार आहे तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा: सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होते, डीलरच्या गावी जावं लागत नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. गाडी न खोलता ठेवण्याचं हे आणखी एक कारण. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी, कित्येक डीलर तेवढ्यावर बोलायला तयार होतात. गाडी व्यापारासाठी घेतली असेल तर ग्राहक म्हणून दाद नाही, पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी घेणारा ग्राहकच ठरतो. लपवाछपवी झाली असेल तर १८७२ च्या करार कायद्याचाही आधार मिळतो. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही त्यात फसवणूक आहे आणि असा करार फसलेल्याला रद्द करता येतो.

डीलरऐवजी खासगी माणसाकडून गाडी घेतली असेल तर जवळपास सगळीकडे हक्क आक्रसतात. तिथे ‘खोटं सांगितलं’ एवढाच मुद्दा उरतो.

पत्र

फोनवर बोलायला हरकत नाही, पण फोनवरचं बोलणं त्याच दिवशी संदेशात लिहून पाठवा: ‘आज दुपारी आपलं असं बोलणं झालं’. खरी मागणी ईमेलने आणि पोचपावती मिळेल अशा टपालाने, दोन्ही मार्गांनी. पत्र एका पानाचं ठेवा. मनस्ताप, घरच्यांची निराशा, समाजमाध्यमांवर बदनामीची धमकी यांतलं काही नको; धमकीचं पत्र पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं. मसुदा साधारण असा:

*विषय: वाहन क्र. ……, चासी क्र. …… सदोष असल्याने परत घेऊन रक्कम परत करण्याबाबत.*

*मी दिनांक …… रोजी आपल्याकडून वरील वाहन रु. …… ला घेतले. ताबा घेताना मीटरवर …… किमी होते. दिनांक …… रोजी, …… किमी झाल्यावर, …… हा दोष आढळला. त्यानंतर मी वाहन वापरणे थांबवले आहे; आज मीटरवर …… किमी आहेत. स्वतंत्र तपासणीचा अहवाल सोबत जोडला असून त्यानुसार हा दोष विक्रीच्या वेळी अस्तित्वात होता. आपल्या जाहिरातीत वाहनाचे वर्णन …… असे होते. त्याची प्रत जोडली आहे.*

*मी हे वाहन नाकारत असून भरलेली पूर्ण रक्कम, तसेच तपासणी व टोचा खर्च रु. …… परत मागत आहे. वाहन …… येथे उभे असून आपण कधीही पाहणी करू शकता. कृपया १४ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. त्यानंतर मी पुढील कायदेशीर कारवाई करेन.*

‘नाकारत आहे’ हा शब्द जपून वापरा. नाकारल्याचं पत्र दिलं आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन कुटुंबासह सहलीला गेलात, तर तुमच्या वागण्यानेच तुमचं पत्र खोडलं जातं.

उत्तरं कशी येतात

‘पाहूनच घेतली होतीत.’ नजरेला दिसणाऱ्या गोष्टींपुरतं हे खरं आहे. तडा गेलेला दिवा तुम्ही पाहिलात आणि घेतलात, आता तक्रार नाही. गिअरबॉक्सच्या आतलं कोणी पाहून घेत नाही.

‘जशी आहे तशी, असं करारात आहे.’ ब्रिटनमध्ये आणि युरोपात ग्राहकाविरुद्ध हे वाक्य चालत नाही, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चालतं. भारतात त्याने तुमची बाजू कमकुवत होते, पण माहीत असलेला दोष लपवला असेल तर ते ढाल ठरत नाही.

‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी मालकाची.’ हे सगळ्यांत चिवट उत्तर. पावती कोणाच्या नावाची, पैसे कोणाच्या खात्यात, जाहिरात कोणाची, वॉरंटी कोणी दिली, या चार कागदांनी ते मोडतं किंवा टिकतं. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचं प्राधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदवली गेली की तोच मालक समजला जातो. ते प्राधिकारपत्र मागून बघा. नसेल तर तोही मुद्दा पत्रात येतो.

‘वॉरंटी कंपनीकडे जा.’ वॉरंटी ही जोडीची सोय आहे, डीलरची जबाबदारी तिने संपत नाही. शिवाय तिच्या अटी वाचा: प्रत्येक दाव्याला रकमेची मर्यादा, झिजणारे भाग वगळलेले, ठरलेल्या वेळी सर्व्हिस केल्याची अट.

‘ही ठेवा, दुसरी घेऊन जा.’ कधी कधी हा खरोखर चांगला तोडगा असतो. पण दुसऱ्या गाडीचीही पहिल्यासारखीच पूर्ण तपासणी करा, आणि ‘माझी कोणतीही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर ती नीट चालवून बघण्याआधी सही करू नका.

दुरुस्ती मान्य केलीत तर ती लेखी असू द्या. जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार, आत जातानाचे किलोमीटर, कधी परत मिळणार ती तारीख, आणि ‘दोष परत आला तर गाडी नाकारण्याचा हक्क राखून’ हे वाक्य. बदललेले जुने भाग परत मागा. बाहेर येतानाचे किलोमीटरही बघा. चाचणीसाठी दहा-वीस किलोमीटर ठीक, दीडशे नाहीत. गाडी हातात आली की पुन्हा थंड इंजिनाचा व्हिडिओ आणि पुन्हा स्कॅनर.

कपात आणि कर्ज

डीलर पैसे परत द्यायला तयार झाला की वापराच्या कपातीवर घासाघीस सुरू होते. तो सांगेल त्या आकड्याची वाट न बघता स्वतःचा आकडा तयार ठेवा: तुम्ही चालवलेले किलोमीटर, त्यातून दुरुस्तीसाठीच्या फेऱ्या वजा, गुणिले एक वाजवी दर. दोष असलेल्या काळातला वापर हा पूर्ण वापर नव्हे, हेही मांडा.

कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका. वाद डीलरशी आहे, हप्ता चुकल्याची नोंद तुमच्या नावावर होते. ब्रिटनमध्ये हायर पर्चेसवर (हप्ते फिटल्यावर मालकी देणाऱ्या करारावर) घेतलेल्या गाडीची कायदेशीर विक्रेती फायनान्स कंपनी असते, म्हणून पत्र तिलाच जातं. क्रेडिट कार्डने थोडी रक्कम भरली असेल तर १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. भारतात बँकेचं कर्ज वेगळं आणि विक्री वेगळी. परतीची रक्कम आधी कर्जखात्यात, मग उरलेली तुम्हाला, असं ठरवून घ्या. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नोंदणीपत्रावरचा बोजा उतरवण्यासाठीचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत व्यवहार पुरा धरू नका.

गाडी परत देताना

पैसे खात्यात आल्याशिवाय दोन्ही किल्ल्या देऊ नका. धनादेश असेल तर तो वटेपर्यंत थांबा. ताबा देताना चारही बाजूंचे, आतले आणि मीटरचे फोटो घ्या, आणि तारीख, वेळ, किलोमीटर, किल्ल्यांची संख्या व दिलेल्या कागदांची यादी लिहिलेल्या पावतीवर डीलरची सही-शिक्का घ्या. मालकी तुमच्या नावावर झाली असेल तर ती उलट बदलण्याचे फॉर्म, भारतात २९ आणि ३०, त्याच भेटीत भरून सही करा आणि प्रत ठेवा. नोंदणी तुमच्याच नावावर राहिली तर पुढचा दंड आणि अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते. विमा मालकी बदलल्याची खात्री झाल्यावरच रद्द करा, उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मागा. टोलचा टॅग काढून बंद करा. आणि गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा फोन, संपर्क यादी, घराचा पत्ता आणि मोबाइल ॲपची जोडणी पुसून टाका. हे पुसणं मात्र तुमचंच काम.